तोमेची पालउडी

अनुसूयाला कुणी विचारलं, की बाई गं, तुला जगात सगळ्यात चांगलं काय येतं, तर ती एका दमात सांगायची, "पालउडी." विचारणारा बुचकळ्यात पडला तर ते त्याचं नशीब. अडतीस वर्षांची बाई, बंगळूरच्या बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घराण्यातली, इंजिनिअर, कोरमंगलाच्या एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत सहा जणांची वरिष्ठ, आणि हिला अभिमान कशाचा, तर भिंतीवरून उडी मारण्याचा, तीही पडद्यावरच्या. पण अभिमान होता आणि ती तो लपवत नव्हती. लपवायचा कशाला? येत होतं म्हणून सांगत होती.

ही उडी एका जपानी गेममधली. तीसेक वर्षांपूर्वी त्या मालिकेचे चार भाग निघाले आणि जगभर गाजले. तांब्याचं शिरस्त्राण घातलेली तोमे नावाची बाई जमिनीखालच्या विहिरींत उतरते, धोंडे फोडते, राक्षस मारते, आणि वर यायची वेळ आली की शिडी नसते. दोन उभ्या भिंती आणि मधे तोमे. मग एका भिंतीकडे उडी घ्यायची, पाय टेकला की हातातल्या कंट्रोलरची कळ उलट बाजूला ढकलायची आणि लगेच उडीचं बटण दाबायचं, की तोमे भिंतीला लाथ मारून समोरच्या भिंतीवर. तिथून पुन्हा इकडे. असं डावं-उजवं करत वर. ‘लगेच’ म्हणजे किती लगेच? तर पडद्यावर सहा चित्रं बदलायच्या आत. घाई केली तरी धप्पकन खाली, उशीर केला तरी धप्पकन खाली. बरं, हे कुठल्या पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं आणि गेममध्येही कुणी सांगत नव्हतं. ज्याला सापडली त्याला सापडली.

अनुसूयाला आणि तिच्या थोरल्या भावाला, बिंदुमाधवला, ती सापडली दसऱ्याच्या सुटीत. वडिलांनी मॅजेस्टिकच्या एका दुकानातून खेळाचं नकली यंत्र आणलं होतं, त्याच्यावर. तोमे भिंतीला चिकटते तशी पालच चिकटते, म्हणून घरात त्या उडीचं नाव पालउडी. जेवायला हाका मारून मारून आईचा घसा बसायचा आणि ही दोघं विहिरीत. पुढे बिंदुमाधव दातांचा डॉक्टर झाला आणि येलहंकाला दवाखाना थाटून बसला, ही गेम बनवायला लागली. पण डोळे मिटून पालउडी मारता येणारी माणसं आपल्या ओळखीत दोनच, असं अनुसूया छातीठोकपणे सांगायची.

म्हणून ओसाकाच्या मूळ कंपनीने पहिला भाग नव्याने बनवायचं काम कोरमंगलाला दिलं तेव्हा कंपनीचा प्रमुख नागराज याने दुसऱ्या कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. नागराज खानापूरचा, मराठी आणि कन्नड दोन्ही घरातलीच. तो म्हणाला, "अक्का, उडी तुझी. बाकीचं आम्ही बघतो." मूळ प्रोग्रॅम जपान्यांकडून केव्हाच हरवला होता, चित्रं होती, संगीत होतं, पण तोमे किती वेगाने उडते, किती वेगाने पडते, याचा कागदाचा कपटाही शिल्लक नव्हता. ते सगळं अंदाजाने पुन्हा बसवायचं होतं.

"अंदाजाने कशाला?" अनुसूया म्हणाली. "माझ्या बोटांना माहीत आहे."

तिच्या हाताखाली प्रणीत नावाचा पुण्याचा मुलगा नुकताच लागला होता. पंचविशीचा, हुशार, पण तोंड आवरता न येणारा. तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "अक्का, नेटवर जुन्या प्लेअर्सचे ढीगभर व्हिडिओ आहेत. आपण एकेक चित्र मोजून काढू ना. सेफ पडेल."

"व्हिडिओ बघून पोहायला शिकतात का रे?"

"तसं नाही, पण..."

"आणि ते व्हिडिओ पळवलेले असतात. मी बघितलेत की! फुशारकी मारायला वेग वाढवून टाकतात लोक. तू नवीन आहेस, स्वल्प ऐक माझं."

प्रणीतने ऐकलं. न ऐकून सांगतो कुणाला! अनुसूयाने पाच महिने खपून पालउडी बसवली. रोज कळ हातात घ्यायची, उडी मारायची, बोटांना विचारायचं, की बरोबर वाटतं का? नाही म्हणाली बोटं की आकडे बदलायचे. शेवटी एके दिवशी तिने डोळे मिटले आणि तोमे तळापासून काठापर्यंत एकदाही न पडता वर आली. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. अनुसूयाने पेढे वाटले.

आणि एका मंगळवारी सकाळी ओसाकाहून पत्र आलं.

पत्र हिराओकासान यांचं. साठीच्या बाई, या सगळ्या कामाच्या तिकडच्या प्रमुख, बोलायला गोड आणि निर्णयाला सुरी. त्यांनी लिहिलं होतं, की आम्ही दहा जुन्या खेळाडूंना बोलावलं. तीस-तीस वर्षं हा गेम खेळणारी, घड्याळ लावून खेळणारी माणसं. दहाच्या दहा पहिल्याच विहिरीत पडली. पाण्यात पळतोय असं वाटतं, म्हणाली. ज्यांना येते त्यांनाच ही उडी जमत नसेल तर नव्या मुलांना कुठून जमणार? तेव्हा आमच्या लोकांनी सोपा मार्ग काढला आहे. बटण दाबून धरलं की तोमे आपोआप भिंती चढत वर जाईल. तुमचं काही म्हणणं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर उडी काढून टाकू.

नागराजने पत्र मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अक्का, ही भानगड काय? दहाच्या दहा पडल्यात की!"

"दहाही जण चुकतायत," अनुसूया म्हणाली.

"दहाही?"

"मग? म्हातारे झाले असतील. बोटं आखडली असतील. आणि आपोआप चढणार म्हणे! मग विहिरीत लिफ्टच बसवा ना सरळ. वर तोमेला बसायला स्टूल द्या!"

तिचा आवाज चढला होता आणि तो का चढला होता हे तिला पुरतं ठाऊक होतं. रागापेक्षा भीती जास्त होती. ही उडी म्हणजे त्या गेमचा जीव. बाकी चित्रं कुणीही रंगवील, राक्षस कुणीही नाचवील. पण न शिकवता शिकायची, शंभरदा आपटून एकदा साधायची ती एक गोष्ट काढून टाकली तर उरलं काय? आणि ती जाणार होती तिच्या हातून, तिच्या नावावर. पालउडी बुडवली कुणी, तर बंगळूरच्या अनुसूयाने. छे! तिला जेवण गेलं नाही.

दुपारी ती पुन्हा आकडे बघत बसली. कामात शिरली की विहिरीचं गाणं गुणगुणायची तिची सवय होती, गेममध्ये तोमे विहिरीत उतरली की वाजतं ते. प्रणीत शेजारच्या टेबलावर होता. सकाळपासून गप्प होता बिचारा, पण गप्प राहणं त्याला झेपत नाही.

"अक्का, एक विचारू? तुम्ही हे एवढं स्लो का म्हणता?"

"स्लो? असंच आहे ते."

प्रणीतने फोनवर ते गाणं लावलं. तेच गाणं, तेच सूर, पण भरभर चाललेलं, मागे कुत्रं लागल्यासारखं.

"सांगितलं ना तुला, पळवलेलं असतं म्हणून."

"अक्का," प्रणीत अगदी हळू म्हणाला, "हे नेटवरचं नाही. ओसाकाने संगीत पाठवलं ना, त्यातली मूळ फाइल आहे ही. कंपनीची."

अनुसूयाने ते गाणं बंद केलं. तिने आपला फोन उचलला आणि भावाला लावला. बिंदुमाधवने तिसऱ्या घंटीला उचलला.

"अनू, पेशंट आहे खुर्चीत. तोंड उघडं आहे त्याचं."

"असू दे. अण्णा, विहिरीचं गाणं म्हण."

"आता?"

"आत्ता. म्हण आधी!"

भाऊ तिचा स्वभाव ओळखून होता. त्याने मुकाट्याने गाणं म्हटलं, दोन कडवी, मागे ते दाताचं यंत्र सूं सूं करत असताना. अनुसूयाने टेबलावर बोटाने ताल धरला. तिच्या तालाशी तंतोतंत जुळलं. बहीण-भाऊ एका तालात आणि अख्खं ओसाका दुसऱ्या.

"बरोबर म्हटलं ना?" त्याने विचारलं. "चुकायचं कसं? अजून रविवारी लावतो की मी ते यंत्र. चालू आहे अजून, ठणठणीत. का गं, काय झालं?"

"काही नाही. माझं डोकं तेवढं ठिकाणावर आलं," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

कारण आता तिला सगळं लख्ख कळलं होतं. जपानचे टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचे. आपल्याकडचे पन्नास. तो जुना गेम चित्रं मोजून चालायचा; एक चित्र बदललं की तोमे एक पाऊल पुढे. साठांच्या देशात ती पळायची, पन्नासांच्या देशात तीच तोमे सहाव्या हिश्श्याने संथ. गाणं संथ, उडी संथ, पडणंसुद्धा संथ. मॅजेस्टिकहून आणलेलं यंत्र बसवनगुडीच्या टीव्हीला जोडून जी मुलं पालउडी शिकली त्यांच्या बोटांत हा संथपणा कायमचा बसला. आणि त्यातली एक मुलगी मोठी होऊन, छाती काढून, जगाची उडी स्वतःच्या बोटांवर मापून मोकळी झाली. दहा जपानी माणसं आपल्या वेळेला बटण दाबत होती आणि तोमे अजून हवेतच होती, भिंतीला पोचलीसुद्धा नव्हती.

आणि पन्नास-साठची ही गोष्ट अनुसूयाला माहीत नव्हती का? अहो, नव्या मुलांना पहिल्या दिवशी ती स्वतः शिकवते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिला लाज वाटली, सपाटून वाटली. पण लाजेला कुरवाळत बसणारी बाई नव्हती ती. तशीच उठली, नागराजच्या खोलीत गेली आणि दार लोटून म्हणाली, "चूक माझी. दहाही जण बरोबर होते. प्रणीतने पहिल्याच आठवड्यात मोजू या म्हटलं होतं, मी त्याला गप्प केलं. तेही माझंच."

नागराज तिच्याकडे बघत राहिला. नऊ वर्षांत तिच्या तोंडून ‘चूक माझी’ हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. "बरं," तो म्हणाला, "आता काय करायचं?"

"सोपं आहे. संध्याकाळपर्यंत देते."

सोपंच होतं. सगळे वेग एका हिशेबाने वाढवायचे. सहा वाजेपर्यंत प्रणीतने जुने व्हिडिओ चित्रागणिक मोजून ताडून बघितलं, काटा बरोबर बसला. अनुसूयाने नवी उडी ओसाकाला पाठवली, हात झटकले आणि सहज म्हणून कळ हातात घेतली.

तोमेने पहिल्या भिंतीकडे झेप घेतली, पाय टेकला, आणि धप्पकन खाली आली.

पुन्हा. धप्प. पुन्हा. धप्प. डोळे मिटून उडी मारणारी अनुसूया डोळे फाडून बघत होती आणि दर वेळी उशीर. बोटं आपली पन्नासच्या हिशेबाने वाट बघत बसायची, तोवर तोमे घसरलेली. प्रणीतने करून बघितली, त्यालाही जमेना. त्याने तर हा गेम कधी खेळलाच नव्हता. तिने त्या संध्याकाळी मोजून एकशे त्रेसष्ट वेळा आपटवली तोमेला. मोजायचं काम गेमच करत होता, कोपऱ्यात आकडा दाखवून. एकदाही वर पोचली नाही.

बुधवारी सकाळी हिराओकासान यांचं उत्तर आलं. दहाही खेळाडू खूश आहेत. म्हणतात, हीच ती. मात्र माझा दुसरा प्रश्न तसाच उरतो. हे दहा जण तीस वर्षं उडतायत, त्यांना येणारच. आज पहिल्यांदा कळ हातात घेणाऱ्याला ती शिकता येईल का? तुमच्या ऑफिसात कुणाला जमते? शुक्रवारी अकरा वाजता व्हिडिओवर भेटू, दाखवा. नाही दाखवता आली तर आपोआप चढणारी तोमेच ठेवू.

नागराजने डोकं खाजवलं. "इंदिरानगरात ती स्पर्धा खेळणारी पोरं असतात नव्हं? एखाद्या पट्टीच्या पोराला बोलावू शुक्रवारी. मारून दाखवील."

"त्याने काय सिद्ध होणार? पट्टीच्या पोराला जमते, एवढंच ना! बाईंचा प्रश्न तो नाहीच." अनुसूया उभी राहिली. "मी दाखवणार."

"तू? काल दीडशे वेळा पडलीस की अक्का!"

"म्हणूनच. या ऑफिसात माझ्याएवढा नवशिका कुणी नाही. प्रणीतला निदान काही येत नाही. मला उलटं येतं. मला आधी विसरायचंय आणि मग शिकायचंय. मला तीन दिवसांत जमली तर कुणालाही जमेल."

"आणि न्हाई जमली तर?"

"जमणार," अनुसूया म्हणाली. नागराजला वाटलं, ही बाई एक तर आपल्याला तारणार किंवा ओसाकासमोर आपलं हसं करणार. पण ती बोलली त्या सुरापुढे नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. "सरी, बरं," एवढंच म्हणून तो आपल्या खोलीत गेला.

बुधवारी दुपारपर्यंत साठ वेळा पडली. चूक कुठे होतेय ते दिसत होतं, पण अंगठा ऐकेना. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली, आणि अंगठा म्हणजे जुनं खोड. पंचवीस वर्षं ज्या वेळेला दाबलं त्याच वेळेला दाबणार. तिने त्याला समजावलं, दटावलं, मोठ्याने शिव्याही दिल्या. शेजारच्या टेबलांवरची मुलं कानकोंडी झाली. मग चहा पिता पिता तिच्या एकदम लक्षात आलं, की अंगठ्याशी भांडायचंच कशाला? तिने कळ मांडीवरून उचलून टेबलावर आडवी ठेवली आणि बटणावर अंगठ्याऐवजी पहिलं बोट ठेवलं. या बोटाने कधी पालउडी मारलेली नव्हती. त्याला काही आठवायचंच नव्हतं.

तरीही पडलीच. पण आता वेगळी पडत होती. कधी उशिरा, कधी लवकर, कधी मधेच. प्रणीत म्हणाला, "अक्का, आता तुम्ही खऱ्या नवशिक्यासारख्या पडताय." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला, पण बोलला ते खरंच होतं. चारच्या सुमाराला पहिल्यांदा दोन भिंती साधल्या. मग तीन. पाचला दहा मिनिटं असताना तोमे डावी, उजवी, डावी, उजवी करत काठावर येऊन उभी राहिली आणि अनुसूया एवढ्या जोरात ओरडली, की खालच्या हॉटेलातला माणूस काय झालं म्हणून जिना चढून वर आला. त्या दिवशी एकशे एकोणीस आपट्या आणि एक चढण. गुरुवारी अठ्ठावन्न आपट्या आणि नऊ चढणी. तिचं मनगट सुजलं होतं आणि तोंडावरचं हसू मावळत नव्हतं. पंचवीस वर्षांनी तोच आनंद दुसऱ्यांदा! असं भाग्य येतं का कुणाच्या वाट्याला?

शुक्रवारी अकराला पडद्यावर हिराओकासान दिसल्या. मागे भिंतीला टेकून दोघं तिघं तरुण उभे होते, ती आपोआप चढणारी तोमे त्यांनीच केलेली. नागराजने इंग्रजीतून नमस्कार-चमत्कार केले. अनुसूयाने मात्र आडपडदा ठेवलाच नाही. तिने तिन्ही दिवसांचे आकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि पन्नास-साठची आपली सगळी फजिती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मुलं हसली, बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे मंगळवारी तुम्हाला ही उडी येत नव्हती," त्या म्हणाल्या.

"मुळीच नाही. येत नव्हती त्याहून वाईट होतं."

"आणि आज?"

"बघा."

तिने कळ टेबलावर ठेवली. पहिली झेप, धप्प. नागराजने डोळे मिटून घेतले. दुसरी खेप, चार भिंती साधल्या आणि पाचवीला धप्प. प्रणीतच्या हाताचं बोट तोंडात गेलं. अनुसूयाने मात्र मान वर करून पडद्याकडे बघितलं, निवांत हसली आणि म्हणाली, "ही अशीच असते." तिसऱ्या खेपेला तोमे निघाली. डावी, उजवी, डावी, उजवी, विहीर संपेपर्यंत, आणि काठावर येऊन तिने शिरस्त्राण सरळ केलं.

मग हिराओकासान यांनी विचारलं, "पहिल्यांदा वर पोचलात तेव्हा काय केलंत?"

"ओरडले. खालच्या हॉटेलवाल्याला वाटलं आग लागली."

बाईंनी मागे वळून त्या तरुणांना विचारलं, की तुमची तोमे वर पोचते तेव्हा कुणी ओरडलं का? त्यातल्या एकाने मान हलवली. नाही म्हणाला, प्रामाणिक मुलगा. बाई पुन्हा इकडे वळल्या. "उडी राहील. तुमची, साठांची. आणि शिकवणी वगैरे काही घालू नका. ज्याची त्याला सापडू दे."

नागराजने टेबलाखालून हवेत मूठ मारली ती लाकडावर लागली. प्रणीतने अनुसूयाला वाकून नमस्कारच केला, तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "यापुढे मी गप्प बस म्हटलं तर बसू नकोस." संध्याकाळी ऑफिसात पुन्हा पेढे आले, या खेपेला नागराजच्या खर्चाने.

रविवारी सकाळी अनुसूया येलहंकाला गेली. आनंद कुणाला सांगावा तर भावाला. बिंदुमाधवने दवाखान्यामागच्या खोलीत ते जुनं यंत्र टीव्हीला जोडूनच ठेवलं होतं. डोक्यावरून विमानतळाकडची विमानं घरघरत होती, वहिनीने थाळीपीठं आणून ठेवली, आणि अनुसूयाने सगळी कथा सांगून संपवली तसा भावाने विहिरीचा खेळ लावला. गाणं सुरू झालं, संथ, त्यांचं. त्याने डोळे मिटले आणि तोमेला तळापासून काठापर्यंत नेऊन उभी केली, एकदाही न पाडता.

"घे," तो म्हणाला. "बघू तुझी."

अनुसूयाने कळ घेतली. अंगठा बटणावर ठेवला. पहिली झेप घेतली आणि तोमे भिंतीला पोचायच्या आतच बटण दाबलं गेलं. धप्प.

तिने पुन्हा केली. पुन्हा घाई. पहिलं बोट ठेवून बघितलं, त्याने तर आणखीच घाई केली. पाचव्यांदा, सहाव्यांदा, दहाव्यांदा. बिंदुमाधवला आधी ती चेष्टा करतेय असं वाटलं आणि तो हसला. मग त्याने तिचा चेहरा बघितला.

"अनू?"

"गेली," ती म्हणाली. तिचे डोळे एकदम भरून आले, आणि भावापुढे ते पुसायची गरज तिला वाटली नाही. "आपली उडी गेली रे अण्णा माझ्या हातातून. त्यांची शिकता शिकता आपली गेली."

बिंदुमाधव पडद्याकडे वळला. "म्हणजे आता ही एवढ्या जगात मला एकट्यालाच येते म्हणायची," तो म्हणाला, आणि त्यात बढाई नव्हती, जरा घाबरल्यासारखाच बोलला तो.

अनुसूयाने पदराने नाक पुसलं. मग जमिनीवर मांडी घातली, कळ मांडीवर घट्ट धरली आणि थाळीपीठाची ताटली पायाने बाजूला सारली.

"वहिनीला सांग, मी बुधवारपर्यंत इथेच आहे," ती म्हणाली. "तीन दिवस लागतात. माहीत आहे मला."